सेराफिमचा नवस

कापडी फलकाची गुंडाळी सुटली तेव्हा देओलिंदा कोबी चिरत होती. शनिवारची दुपार होती. मंडळाच्या सभागृहामागच्या स्वयंपाकघरात ओट्यावर कोबीचे गड्डे रचलेले होते, मांस कापून, मीठ-लसूण लावून फ्रीजमध्ये ठेवलं होतं आणि सात मोठे हंडे घासून पालथे घातले होते. उद्या पवित्र आत्म्याचा सण. अमेरिकेतल्या फॉल रिव्हर शहरातली आजूबाजूची पोर्तुगीज वस्ती मुकुटाच्या मिरवणुकीमागून चालत इथं येणार आणि लांबलचक टेबलांवर बसून पावावर ओतलेला रस्सा खाणार. दर वर्षी हे जेवण कुणाच्या ना कुणाच्या नवसाचं असतं. या वर्षी ते देओलिंदाच्या धाकट्या भावाच्या, सेराफिमच्या नवसाचं होतं. लेकीला विद्यापीठात कायमची जागा मिळाली तर तीनशे माणसांना जेवू घालीन, असं तो सात वर्षांपूर्वी बोलून बसला होता. फेब्रुवारीत ती जागा मिळाली होती.

फलक सेराफिमनं कुणाला न सांगता रंगवून आणला होता. देओलिंदाला वाचता येत नसे, पण मंडळाचा अध्यक्ष गिल्बेर्तो याला दिसेल ते मोठ्यानं वाचायची खोड होती.

"‘प्रोफेसर इल्दा बेटनकूर हिला विद्यापीठात कायमची जागा दिल्याबद्दल पवित्र आत्म्याचे अनंत उपकार’," गिल्बेर्तोनं वाचलं. "अरे वा सेराफिम! अक्षरं सोनेरी! आता चमचा कसा धरायचा तेही आम्ही हिला विचारूनच धरायचं."

सेराफिम हसला. चौऱ्याहत्तर वर्षांत हा माणूस दात दाखवून मोजून पाच-सहा वेळा हसला असेल, त्यातलं हे एक. "मुकुटामागच्या भिंतीवर लावायचा," तो म्हणाला. "मागच्या टेबलावरूनसुद्धा दिसला पाहिजे."

देओलिंदानं भाचीकडे पाहिलं. इल्दा समोर बसून पुदिना निवडत होती, पण तिचे हात थांबले होते. देओलिंदानं डोळे वटारले. सोमवारपर्यंत तोंड बंद ठेवायचं ठरलं होतं. ‘जेवण होऊन जाऊ दे, मग सांग. भरल्या पोटी माणूस कमी ओरडतो,’ असं तिनं स्वतः बजावलं होतं आणि इल्दानं मान डोलावली होती.

"बाबा, तो लावू नका," इल्दा म्हणाली.

"का? रंग आवडला नाही?"

"रंग छान आहे. मजकूर खरा नाही." तिनं पुदिन्याची जुडी खाली ठेवली. "मी राजीनामा दिलाय. गुरुवारी. त्या फलकाखाली बसून मला उद्या घास गिळता येणार नाही."

सेराफिमची बायको लुर्देश पावाच्या टोपल्या लावत होती, ती होती तिथंच खुर्चीवर बसली.

"कुठल्या समितीचा राजीनामा?" सेराफिमनं विचारलं.

"नोकरीचा, बाबा. जूनअखेर शेवटचा दिवस. त्यानंतर मी आणि आत्या पूर्णवेळ व्हिडिओच करणार आहोत. स्वयंपाकाचे."

सेराफिमनं फलकाचं आपल्या हातातलं टोक सोडलं नाही. लेकीला काही बोलण्याआधी तो बहिणीकडे वळला. "ताई, तुला ठाऊक होतं?"

थाप मारायला वेळ होता. देओलिंदाला ती सुचलीही होती. "होतं," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"ईस्टरपासून."

"म्हणजे मी खाटकाकडे खेटे घालतोय, सोनेरी अक्षरं काढून घेतोय, आणि तुम्ही दोघी खालच्या मजल्यावर बसून गंमत बघताय!"

"गंमत कोण बघतंय रे? मी सकाळपासून तुझेच कोबी चिरतेय."

"सात वर्षं मी गुडघे टेकले!" सेराफिमचा आवाज चढला. "सात वर्षं! आणि ते पदरात पडल्यावर हिनं रस्त्यावर फेकलं. कशासाठी? जगाला कांदा चिरून दाखवायला?"

"बाबा, कांदा चिरण्याचीही..."

"तू गप्प बस. नोकरीबरोबर विमाही जाणार, त्याचं काय? उद्या दाढ दुखली तर प्रेक्षक येऊन उपटणार आहेत का?"

गिल्बेर्तोला हसू आलं, ते त्यानं खोकल्यात घालवलं. सेराफिमनं कमरेचा एप्रन सोडला. वीस वर्षं तो या हंड्यांचा मुख्य आचारी होता, आणि सणाच्या आदल्या दिवशी हा एप्रन त्याच्या अंगावरून उतरलेला कुणी पाहिला नव्हता. त्यानं त्याची नीट घडी घातली आणि ओट्यावर ठेवली.

"जी वस्तू हातात राहिली नाही तिचे उपकार मी मानणार नाही. गिल्बेर्तो, लोकांना कळव. उद्या जेवण नाही."

तो गेला. लुर्देशनं पर्स उचलली आणि ती त्याच्यामागून निघाली. जाताना तिनं लेकीकडे असं पाहिलं, की त्यापेक्षा ही दोन शिव्या देती तर बरं, असं देओलिंदाला वाटलं.

"आता?" गिल्बेर्तोनं विचारलं.

"आता काय? निम्मे कोबी राहिलेत."

"पण ज्याचा नवस तोच नाही म्हणतोय."

"म्हणू दे. पहाटे हंडे मी चढवते."

गिल्बेर्तोनं डोकं खाजवलं. "मोठ्या हंड्यांना इथं पुरुषांचाच हात लागत आलाय, देओलिंदाबाई. कुरकुर होईल."

"तू तुझ्या आईच्या हातचं खाऊन मोठा झालास ना? काही बिघडलं का तुझं?" देओलिंदानं पुढचा गड्डा ओढला. "तसं बिघडलंय थोडं, पण त्यात तिच्या हाताचा दोष नाही."

गिल्बेर्तो हसत खुर्च्या मांडायला गेला. दोघीच उरल्यावर इल्दानं फलक उचलून गुंडाळायला घेतला. एकेचाळीस वर्षांची, दोन पदव्यांवर तिसरी मिळवलेली बाई, पण बोटं लहान पोरीसारखी चुकत होती.

"सोमवारी सांग म्हटलं होतं," देओलिंदा म्हणाली.

"माहीत आहे, आत्या. जमलंच नाही."

"जमलं नाही म्हणे! तीनशे माणसांचं जेवण तोंडावर असताना तुला खरं बोलायचं सुचलं." देओलिंदाला तिचा राग आला होता आणि अभिमानही वाटत होता, आणि दोन्ही एकदम वाटल्यामुळं ती आणखीच चिडली होती.

"तुला माघार घ्यायची असेल तर आत्ताच सांग," इल्दा म्हणाली. "तो तुझा भाऊ आहे. एका जिन्यावर राहता तुम्ही. मी एकटीनंही करीन. तुझ्यासारखं येणार नाही, पण करीन."

देओलिंदानं सुरी खाली ठेवली. इल्दा म्हणत होती ते खोटं नव्हतं. नवरा गेला, मूलबाळ नाही, गिरणीतल्या शिलाई यंत्रावर बत्तीस वर्षं गेली, आणि आता एकोणऐंशीव्या वर्षी सेराफिमच्या कुटुंबाखेरीज तिचं म्हणावं असं कुणी नव्हतं. त्यानं जिन्याचं दार लावून घेतलं तर ती खालच्या मजल्यावर एकटी पडणार होती.

"तू पुदिना निवड," ती शेवटी म्हणाली. "भावाचं मी बघते."

संध्याकाळी सहाला देओलिंदा जिना चढली. लाकडी तीन मजली घर. तळमजला तिचा, मधला सेराफिमचा, वर भाडेकरू. चौदा पायऱ्या होत्या आणि हल्ली तिचे गुडघे त्यातल्या प्रत्येकीवर तक्रार करत. लुर्देशनं दार उघडलं आणि ती बाजूला झाली.

सेराफिम जेवणाच्या टेबलाशी बसला होता. सूप निवून त्यावर साय धरली होती.

"आलीस? सांग आता, काय भरवलंस तिच्या डोक्यात."

"मी काय भरवणार? मला स्वतःची सही करता येत नाही."

देओलिंदा आठ वर्षांची असताना मायदेशी बेटावरच्या शाळेतून तिचं नाव काढलं होतं, कारण तीन वर्षांच्या सेराफिमला सांभाळायला घरात कुणीतरी हवं होतं. हे तिनं त्याला आजवर कधी ऐकवलं नव्हतं. जिना चढताना ते तिच्या ओठांवर आलं होतं, पण दाराशी पोचेपर्यंत तिनं ते गिळून टाकलं. त्यानं भाऊ हरला असता, पण परत आला नसता.

सेराफिमनं वाटी बाजूला सारली. "चौतीस वर्षं मी कॉलेजच्या फरशा पुसल्या. तिथं दारांवर नावं असतात, काचेवर, अक्षरं चिकटवलेली. माणूस गेला की ते नाव कोण काढायचं, ठाऊक आहे? मी. पातं घ्यायचं, एकेक अक्षर खरवडायचं, मग काच पुसायची. निवृत्त झाले त्यांची काढली. मेले त्यांची काढली. ज्यांना ठेवलं नाही त्यांचीही काढली, त्यातल्या एक बाई माझ्यासमोर रडल्या. पण कायमची जागा मिळाल्यावर आपणहून सोडली, असं एकाचंही नाव मी काढलं नाही. एकाचंही नाही, ताई. आता तिकडं माझ्यासारखाच कुणी म्हातारा माझ्या पोरीचं नाव खरवडणार."

लुर्देश पाठ करून भांडी पुसत होती. तिचा फडका थांबला.

देओलिंदाला वाईट वाटलं. तिला वाटलं होतं तो ओरडेल, आणि ओरडण्याला तिच्याकडे उत्तरं तयार होती. ती खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली आणि म्हणाली, "तिनं पुस्तक लिहिलंय ना, आपल्या बायकांच्या स्वयंपाकावर? तुझ्या कपाटात आहे, काचेमागं. त्यात मी आहे."

"असशीलच."

"मी तिला म्हटलं, माझ्या नावावर बोट ठेवून दाखव. तर नाव नाही. विद्यापीठाचा तसा नियम आहे म्हणे, ज्यांना प्रश्न विचारले त्यांची नावं छापायची नाहीत. मी म्हणजे ‘बाई क्रमांक चार’. चौदा बायकांशी ती बोलली, तर पुस्तकात चौदा आकडे आहेत. त्यातल्या आठ आता मातीखाली आहेत. ज्या दिवशी आठवी गेली, त्या दिवशी ती माझ्याकडे येऊन रडली. म्हणाली, आत्या, मी तुम्हाला जपायला निघाले आणि तुमचे आकडे करून ठेवले. तिथं तिला कुणी छळलं नाही, सेराफिम. तिचं काम चांगलंच चाललं होतं. पण त्या दिवसानंतर तिचं मन तिथं लागलं नाही."

"म्हणून सगळं सोडून द्यायचं? सुट्टीच्या दिवशी करता येत नाही का?"

"आठ महिने सुट्टीच्याच दिवशी केलं. सहा बायका उरल्यात. सगळ्यात लहान मी." देओलिंदानं दोन्ही तळवे टेबलावर ठेवले. "मंगळवारी तिला शिकवायचं नसतं, तेव्हा ती माझ्या स्वयंपाकघरात कॅमेरा लावते. मी आधी माझं नाव सांगते, मग पातेलं चढवते. परक्या देशांतल्या बायका मला विचारतात, देओलिंदाबाई, आमचा पाव का फुगत नाही. मी त्यांना रागावते. त्यांना आवडतं. हे मी आता सोडणार नाही. तुझ्यासाठीसुद्धा नाही."

सेराफिमनं मान वर केली. "माझ्याविरुद्ध उभी राहणार तू?"

"विरुद्ध कशाला? खालच्याच मजल्यावर आहे मी. पण नवस तर फेडायचाच. तू मागितलंस, देवानं दिलं. पुढं पोरीनं ते ठेवलं का सोडलं, ते तिचं ती आणि देव बघून घेतील."

"मनात उपकार नसताना फेडू?"

"मन कुठं बोलला होतास? जेवण बोलला होतास. आणि ऐक, नवस ठेवून मेलास तर जीव भटकत राहील तुझा. मग येशील माझ्याच दाराशी रडत, ताई, एवढा माझा नवस फेड गं. त्यापेक्षा उद्याच फेडून मोकळी होते."

"तू पाच वर्षांनी मोठी आहेस. तूच आधी जाणार."

"मग तर घाईच केली पाहिजे."

लुर्देश फिसकन हसली आणि तिनं फडका तोंडाशी धरला. सेराफिम हसला नाही. "मुकुटामागं मी चालेन," तो म्हणाला. "ते मी कधी चुकवलं नाही. पण जेवणाला थांबणार नाही. आणि तिथं उभा राहून काही बोलणार नाही."

देओलिंदा उठली. दाराशी तिनं मागं वळून त्याला सूप गरम करून घ्यायला सांगितलं.

पहाटे चारला देओलिंदानं हंड्यांखालचा जाळ पेटवला. मदतीला मंडळाचे दोन पुरुष आले होते. पहिला तासभर त्यांनी तोंडं वाकडी केली, मग तिनं एकाला मसाल्याची पुरचुंडी उलटी बांधल्याबद्दल झापलं आणि दोघं मुकाट्यानं कामाला लागले. दालचिनी, जिरं, तमालपत्र, लसूण, वाइन. सातला रश्शाचा वास रस्त्यापर्यंत गेला. कोबी नऊनंतर पडणार होते.

"कॅमेरा आणलास का?" देओलिंदानं विचारलं.

"नाही," इल्दा म्हणाली. "आज बाबांचा नवस आहे." तिच्या दंडापर्यंत कोबीचं पाणी लागलं होतं आणि डोळे सुजलेले होते. तिनं माघार घेतली नव्हती, पण रात्रभर ती झोपलीही नव्हती, हे देओलिंदाला दिसत होतं.

आठ वाजता मागचं दार ढकलून लुर्देश आत आली. तिच्या अंगावर मिरवणुकीचे कपडे नव्हते. "मला त्यानं पाठवलेलं नाही," आल्या आल्या तिनं सांगून टाकलं. "माझी मी आलेय."

इल्दा पुढं झाली. "आई, तू माझ्या बाजूनं..."

"मी कुणाच्या बाजूनं नाही. तीनशे माणसांचा पाव कापायचाय. सुरी दे." दोन पाव कापून झाल्यावर ती लेकीकडे न बघता म्हणाली, "विमा मात्र काढ. दाढेचाही."

"काढलाय, आई."

"मग काल सांगायचं होतंस त्याला!"

"त्यांनी बोलू दिलं का?"

"वन्सं, बघा," लुर्देश देओलिंदाला म्हणाली, "दोघं एकाच मातीची. एक ऐकत नाही, दुसरी सांगत नाही."

बाराला बँडचा आवाज आला. मिरवणूक आत शिरली, चांदीचा मुकुट समोरच्या वेदीवर ठेवला गेला, आणि खुर्च्या सरकवत तीनशे माणसं बसली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून देओलिंदाला सेराफिम दिसला. काळ्या सुटात, टोपी हातात धरून तो दाराशीच उभा होता, बसला नव्हता.

वाढप सुरू होण्याआधी नवस करणाऱ्यानं उभं राहून तो कशासाठी होता ते सांगायचं असतं. त्याशिवाय चमचा उचलत नाहीत. गिल्बेर्तोनं सेराफिमकडे पाहिलं. सेराफिमनं टोपीकडे पाहिलं. माणसं वाट बघू लागली, मग कुजबुजू लागली. कालची बातमी गिल्बेर्तोच्या पोटात राहिली असेल अशी देओलिंदाला मुळीच आशा नव्हती.

ती बाहेर आली. अंगावर ओला एप्रन, चेहरा वाफेनं लाल. इतक्या माणसांसमोर ती जन्मात कधी बोलली नव्हती. मंगळवारी समोर फक्त एक कॅमेरा असे आणि त्याच्यामागं इल्दा.

"हे जेवण," ती म्हणाली, पण मागच्या टेबलापर्यंत ते पोचलं नाही. तिनं आवाज चढवला. "हे जेवण माझ्या भावाच्या नवसाचं आहे. तो सात वर्षांपूर्वी..."

"थांब, ताई."

सेराफिम दारापासून पुढं आला. टेबलांच्या मधून चालत तो तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. "नवस माझा आहे. मी सांगतो."

मागच्या टेबलांवरची माणसं ऐकायला पुढं वाकली.

"माझ्या लेकीला विद्यापीठात कायमची जागा मिळावी म्हणून मी हा नवस बोललो होतो. जागा मिळाली. गुरुवारी तिनं ती सोडली. तुमच्यातल्या निम्म्यांना ते कालच कळलंय, आणि उरलेल्यांना आत्ता शेजारचा सांगतोय." कुठंतरी हसू फुटलं. सेराफिमनं ते थांबायची वाट पाहिली. "मी रागावलेलो आहे. उद्याही असेन. सकाळी मिरवणुकीत सगळा रस्ता मी देवाशी भांडत आलो. पण मी मागितलं होतं आणि त्यानं दिलं होतं, हे काही मला नाकारता येईना. पहाटेपासून हंड्यांपाशी माझी बहीण आणि माझी मुलगी उभ्या आहेत. माझ्या जागी. तेव्हा जेवा."

टाळ्या वाजवायच्या की नाही ते कुणाला कळेना. बँडवाल्यांनी दोन-चार वाजवल्या आणि मग सगळे वाढपाच्या खिडकीकडे बघू लागले.

देओलिंदाला रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही. एप्रननं तोंड पुसत ती आत गेली. मागोमाग सेराफिम वाढपाच्या खिडकीशी आला. त्यानं कोट काढून खुर्चीवर टाकला, बाह्या सारल्या आणि दोन्ही हात पुढं केले. नवस करणाऱ्यानं पहिले वाडगे स्वतः न्यायचे असतात.

आत इल्दा उभी होती. पाव, त्यावर पुदिना, त्यावर रस्सा, वर मांस आणि कोबी. तिनं वाडगा उचलला.

"त्या नोकरीचा मला अभिमान होता," सेराफिम म्हणाला. तो वाडग्याकडे बघत होता. "ह्या कामाचा वाटेल का, ते मला ठाऊक नाही. कदाचित कधीच वाटणार नाही."

"चालेल, बाबा," इल्दा म्हणाली.

सेराफिमनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मागं लोक ताटकळत होते, लुर्देश हातात सुरी घेऊन तशीच उभी होती.

"चालेल म्हणे," तो पुटपुटला. "दे इकडं. निवतोय."

त्यानं तिच्या हातातून वाडगा घेतला, आणि देओलिंदानं दुसरा भरायला डाव हंड्यात घातला.